पावसाची वीत

तांब्या कमी भरलाय म्हणून मनात काही आणू नका. मागे एक गृहस्थ आले होते, ते तांब्यात डोकावून बायकोला हळूच म्हणाले, "इथली माणसं पाणी देतानासुद्धा हात आखडतात." आम्ही ऐकलं आणि हसलो. हात आखडलेला नाही हो. काठोकाठ भरलेलं भांडं आमच्या धावडसड्यावर पाहुण्याच्या हातात द्यायची रीत नाही. तांब्याला दोन बोटं, कळशीला चार बोटं आणि तळ्याला एक वीत, एवढी जागा रिकामी सोडायची. ती जागा पावसाची, असं आम्ही म्हणतो.

प्या आणि या असे पुढं. जपून, कातळावर शेवाळ धरलंय. गेल्या वर्षी एक फोटो काढणारे इथंच आपटले आणि वर आमच्यावरच डाफरले.

हे खाली दिसतं ते लखूचं तळं. तळं म्हणायचं आपलं, पण कुणी पाण्यासाठी खणलेलं हे तळं नव्हे. ही लोखंडाची खाण होती. कडा बघा कशा तांबड्या आहेत, आणि पाणी मात्र पोपटाच्या पाठीसारखं हिरवं. आता ती कड आणि ते पाणी, यांच्यामधलं अंतर बघा. एक वीत. मे महिन्यात या, श्रावणात या, एवढंच असतं. शिकलेली माणसं सांगतात की खाली एखादी कपार असेल, तिच्यातून जादा पाणी निघून जात असेल. असेल बापडी. आम्ही नाही म्हणत नाही. पण आमच्यात त्या वितीची एक गोष्ट सांगतात.

आणि तिकडं वर, सड्याच्या, म्हणजे या कातळपठाराच्या टोकाला, जुना बांध दिसतोय का? त्याच्या डाव्या अंगाला खिंडार आहे. गावानं मागाहून पलीकडं दुसरा बांध घातला, पण ते खिंडार कुणी बुजवलं नाही. तेही या गोष्टीतलंच.

कधीची गोष्ट, ते विचारू नका. आमच्या पणज्यांनाही ते ठाऊक नव्हतं. तेव्हा इथं धावडांची वस्ती होती. धावड म्हणजे दगडातून लोखंड गाळणारी माणसं. खाणीतून लोखंडाचे खडे काढायचे, धुऊन त्यांची माती घालवायची, कोळशाच्या भट्टीत गाळायचे आणि त्याच्या पहारी, कोयते घाटावर नेऊन विकायचे, हा त्यांचा धंदा. खडे धुतल्याशिवाय भट्टीत गेले तर भट्टी रुसते, असं ते म्हणत. म्हणून सड्यावर बांध घालून त्यांनी पाणी साठवलं होतं. बांधाच्या डाव्या अंगाला लाकडी पन्हळ होतं, त्यातून खडे धुवायला पाणी खाणीकडं जाई. उजव्या अंगाला सांडवा होता, म्हणजे जादा पाणी निघून जायची वाट. ते पाणी गावाला वळसा घालून ओढ्याला मिळे. आणि बांधाच्या मधोमध, थेट पोटाखाली, गाव.

खाणीत लखू नावाचा एक धावड होता. कामाला वाघ, पण तोंडाला खीळ नाही. बैलाशी बोलायचा, कुदळीशी बोलायचा, कुणी नसलं तर भिंतीशी बोलायचा. त्याच्या बायकोचं नाव चिमाई. ती म्हणे अबोल. लोक गमतीनं म्हणत, देवानं दोघांची जीभ एकालाच दिली. तो घरी आला की बडबड सुरू व्हायची आणि ही चुलीपुढं बसून हुं हुं करायची. तिला ते फार आवडायचं. तिनं ते कधी त्याला सांगितलं नाही, सांगायची गरजही वाटली नाही.

एका अवकाळी पावसात खाणीच्या आतल्या अंगाला दरड बसली. बाकीचे बाहेर पळाले. लखू आत राहिला.

गावानं उकरून पाहिलं, पण माती ओली होती, वरून आणखी ढासळत होती. सोनबा म्हणून भट्टीवरचा म्हातारा होता, गाव त्याचं ऐकायचं. त्यानं सगळ्यांना मागं घेतलं. आणखी माणसं घालवायची नव्हती त्याला. चिमाईला दोन वेळचं अन्न मिळावं म्हणून गावानं तिच्या हाती सड्यावरचं पाणी दिलं. पन्हळ कधी उघडायचं, कधी बंद करायचं, बांधाला उंदरांनी बिळं पाडली तर ती कधी बुजवायची, हे सगळं तिनं बघायचं.

तिनं ते काम मन लावून केलं. पण तिच्या मनात एकच गोष्ट घर करून होती. लखूची हाडं मिळाली पाहिजेत. ती नदीत सोडली पाहिजेत. माणूस असा अर्धा ठेवायचा नसतो, असं ती म्हणायची. आणि हाडांपेक्षाही तिला एक वेगळंच सलत होतं. तो तिथं एकटा होता, अंधारात, आणि त्याचं बोलणं ऐकायला कुणी नव्हतं.

लोखंडाची शीर त्याच बाजूला जात होती. म्हणजे धावड दरसाल थोडे थोडे लखूच्याच दिशेनं खणत चालले होते. संध्याकाळी ते वर आले की चिमाई पन्हळापाशी उभी असे.

"कुठवर आलात?"

"आलोच की. आता फार नाही," असं सोनबा म्हणे, आणि मान दुसरीकडं वळवी.

अशी किती वर्षं गेली कोण जाणे. मग एका शिमग्याला कुदळ मारता मारता आवाज बदलला. आत पोकळ वाजलं. दरडीपलीकडं जागा होती. धावडांनी कुदळी खाली ठेवल्या आणि सोनबा धावत सांगायला आला. चिमाईनं ऐकलं आणि घरात राहिलेली लखूची जुनी कुदळ काढून पुसून ठेवली.

पण त्याच आठवड्यात सड्यावरच्या तळ्याचा तळ तडकला. दरसाल असंच व्हायचं, शिमगा सरला की पाणी संपायचं. पाणी नाही तर धुणं नाही, धुणं नाही तर खणणं नाही. पोकळ वाजलं तरी मधे अजून बरीच दरड होती, आणि पोटाचा धंदा बंद असताना ती उकरत कोण बसणार? कुदळी टांगल्या गेल्या. पावसाळ्यात खाणीत उतरता येत नाही, म्हणजे आता दिवाळीनंतरच. आणि दिवाळीनंतर तरी पाणी पुरेल याची कुणी हमी द्यावी?

तेव्हा चिमाईनं ठरवलं, यंदा पाणी जास्त धरायचं. सांडवा एक वीत उंच केला तर तळं मृगापर्यंत पुरेल. तिनं सोनबाला विचारलं. त्यानं नुसता होकारच दिला नाही, युक्तीही दिली. "दगडमाती घालू नकोस, वाहून जाईल. कीट घाल." लोखंड गाळल्यावर जो काळा मळ उरतो, तो कीट. भट्टीमागं त्याचे ढीग पडलेले असत. "कीट आणि चिकणमाती कुटून घाल. पाणी प्यायलं की गंजून एकजीव होतं. आपल्या पहारीलाही दाद देणार नाही," असं तो मोठ्या अभिमानानं म्हणाला. अख्खा गाव कीट वाहायला आला. कुणाला भट्टी जास्त दिवस चालायला हवी होती, कुणाला चिमाईची दया येत होती. वाईट असं कुणाच्याच मनात नव्हतं.

पाऊस सुरू झाला. तळं भरलं, नेहमीच्या खुणेच्या वर चढलं, आणि आषाढात उघडीप पडली तेव्हा नव्या सांडव्याला टेकलं. चिमाई बांधावर उभी राहून बघत राहायची. एवढं पाणी सड्यानं कधी पाहिलं नव्हतं. ऊन पडलं होतं आणि अख्खं आभाळ त्यात उतरलं होतं. ते पाणी बघताना तिला लखूची वाट दिसायची.

अशाच एका दुपारी, सांगतात, बांधावरून एक पाहुणा आला. डोक्यावर घोंगडी, आणि ती चिंब भिजलेली. चार दिवसांत पावसाचा थेंब नव्हता, कातळ तापून पोळत होता, आणि या माणसाच्या घोंगडीतून पाणी ठिबकत होतं. चिमाईला नवल वाटलं, पण पाहुण्याला विचारू नये ते ती विचारणारी नव्हती. तिनं त्याला झोपडीत बसवलं आणि तांब्या भरून दिला. काठोकाठ. तेव्हा तीच रीत होती.

पाहुण्यानं तांब्या घेतला, पण तोंडाला लावला नाही.

"बाई, मला इथं राहायला जागा होईल का?"

"किती दिवस?"

"चार-दोन. पण मला जागा जरा जास्त लागते."

चिमाईला हसू आलं. ती तळ्याकडं बोट दाखवून म्हणाली, "माझ्याकडं जागा कुठली? ते बघा. बोट बुडवायला फट नाही ठेवली यंदा." अबोल बाई, पण तेवढं बोलताना तिला अभिमान वाटला.

पाहुण्यानं तळ्याकडं पाहिलं. मग त्यानं आपलं एक बोट तांब्यावर धरलं. बोटाच्या टोकाला एक थेंब जमला आणि तांब्यात पडला. एकच थेंब, पण पाणी काठावरून ओघळलं आणि शेणानं सारवलेल्या जमिनीवर पसरलं.

"मग माझी पंचाईत झाली," तो म्हणाला. "यायचं तर मला आहेच." त्यानं तांब्या तसाच खाली ठेवला आणि तो आला तसा निघून गेला. तो बसला होता तिथली जमीन संध्याकाळपर्यंत वाळली नाही. चिमाई रात्रभर त्या ओल्या जागेकडं बघत राहिली. तिला कळलं होतं का? काही म्हणतात कळलं होतं. पण सांडवा फोडायचा म्हणजे लखूला पुन्हा एक वर्ष मागं ढकलायचं. तिचा हात धजला नाही.

मग आश्लेषा लागली. या भागातला आश्लेषाचा पाऊस तुम्ही पाहिला नसेल. तो पडत नाही, तो बसतो. त्या वर्षी सकाळी उजाडलंच नाही म्हणे, नुसतं पांढुरकं झालं. समोरचा माणूस दिसेना, हाक ऐकू येईना. चिमाई डोक्यावर पानांचं इरलं घेऊन बांधावर गेली, तोवर पाणी बांधाच्या माथ्याला लागलं होतं. वरच्या सड्यावरून लोंढे येतच होते आणि आलेल्या पाण्याला बसायला कुठं जागाच नव्हती.

तिनं गावाला हाळी दिली. माणसं पहारी घेऊन सांडव्याकडं धावली. पण कीट उन्हाळाभर कुटलेला, पावसाळाभर पाणी प्यायलेला. पहार मारली की ठिणगी उडायची आणि पहारच वाकायची. आपल्याच भट्टीचं लोखंड आपल्याच भट्टीच्या कीटापुढं हरलं. सोनबा गुडघाभर पाण्यात उभा राहून स्वतःच्या तोंडात मारून घेत होता.

खाली ओढा दुथडी भरून वाहत होता, गावाबाहेर पडायला वाट उरली नव्हती. घराघरांत म्हातारी माणसं होती, एक ओली बाळंतीण होती, दावणीला गुरं होती. बांधाच्या मधोमध पाण्याची एक पातळ जीभ पलीकडं उतरली आणि माती सुटायला लागली.

"पन्हळाकडं बांध मऊ आहे," सोनबा म्हणाला.

पन्हळाकडं म्हणजे खाणीकडं. तिथं बांध फोडला की सगळं पाणी खाणीत जाणार होतं. भट्टीचं पोट जाणार होतं, पण पोटाचं काय, कातळ फोडूनही भरता येतं. लखू मात्र पुन्हा कधी सापडणार नव्हता. हे प्रत्येकाला ठाऊक होतं, म्हणून कुणी कुदळ उचलेना. पाणी तिच्या हाती दिलेलं होतं. सगळे चिमाईकडं बघत उभे राहिले.

चिमाईनं खाली गावाकडं पाहिलं, मग खाणीच्या तोंडाकडं पाहिलं. ते काळं तोंड पावसात अंधुक दिसत होतं. पलीकडं ती पोकळ जागा होती, एका दिवाळीच्या अंतरावर. ती झोपडीत गेली आणि लखूची कुदळ घेऊन आली.

नवऱ्याचं नाव तेव्हा बायका घेत नसत. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं, तेवढंच. पण त्या दिवशी चिमाई पन्हळापाशी उभी राहिली, खाणीकडं तोंड केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "लखू, जरा सरक रे. याला जागा दे."

आणि तिनं कुदळ मारली. पहिला घाव तिचा, मग सगळ्यांचे. बांध फुटला तो आवाज घाटापर्यंत गेला, असं सांगतात. तांबडं पाणी खाणीत घुसलं. खाण बराच वेळ ते नुसती पीत राहिली. संध्याकाळी पावसानं हात आवरला तेव्हा बांध मधोमध तसाच उभा होता, गाव तसंच उभं होतं, आणि खाण भरत भरत कडेपर्यंत येऊन थांबली होती. वर एक वीत सोडून.

गाव वाचलं, पण कुणाला आनंद करवेना. चिमाई खाणीच्या कडेला जाऊन बसली, ती उठेचना. सोनबा पेज घेऊन आला, तिनं तोंड फिरवलं. बाळंतीण पोर घेऊन आली, तिनं पोराच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पुन्हा पाण्याकडं बघत राहिली. "मीच बुडवलं त्याला," असं ती एकदाच म्हणाली. मेलेल्या माणसाला कुणी बुडवतं का? पण तिला ते पटण्यासारखं नव्हतं.

असं किती वेळ चाललं ठाऊक नाही. मग एका दुपारी कोवळं ऊन पडलं आणि बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. तिला दिसलं की ती पाण्याखाली आहे, पण भिजलेली नाही. खाणीच्या आत, दरडीच्या पलीकडं, ती पोकळ जागा आहे. तिथं हिरवा उजेड आहे, सकाळी केळीच्या पानातून येतो तसा. लखू मांडी घालून बसलाय. त्याच्यासमोर तो पाहुणा बसलाय, घोंगडी खुंटीला टांगलेली, आणि ती पहिल्यांदाच वाळलेली आहे. लखू बोलतोय. बैलांचं सांगतोय, भट्टीचं सांगतोय, चिमाई भात कसा करपवायची तेही सांगतोय. आणि सगळ्या मुलखाचे कान किटवणारा तो पाऊस कधी नव्हे तो गप्प बसून हुं हुं करतोय.

लखूनं मान वळवून तिच्याकडं पाहिलं. "बरा आहे गं हा," तो म्हणाला. "ऐकून घेतो."

पाहुणा म्हणाला, "तू मला जागा दिलीस. मी त्याला सोबत केली. आता एवढंच कर. पुढच्या वेळी मी येईन तेव्हा मला कुणाचा माणूस उठवायला लावू नकोस."

चिमाईला जाग आली तेव्हा ती रडत होती, पण तिला भूक लागली होती. तिनं सोनबाकडं पेज मागितली. मग पाणी मागितलं. त्यानं तांब्या काठोकाठ भरून आणला, तेव्हा तिनं दोन बोटं पाणी ओतून टाकलं आणि मग प्यायली. ही रीत तिथून पडली.

पुढच्या उन्हाळ्यात सगळ्या गावानं मिळून सांडव्यातला कीट छिन्नीनं काढला. एक वीत काढायला अख्खा उन्हाळा गेला. आपल्या अकलेचं माप आपल्यालाच असं मोजावं लागलं, असं सोनबा मरेपर्यंत म्हणत असे. धावडांच्या भट्ट्या थंडावल्या आणि ते चिरे काढणारे झाले. पुढं पुष्कळ वर्षांनी चिमाई गेली. तिच्या अस्थी कुणी नदीवर नेल्या नाहीत. याच पाण्यात सोडल्या. दोघांपैकी अर्धं आता कुणीच राहिलं नव्हतं.

आजही आश्लेषा लागायच्या आदल्या दिवशी अख्खं गाव नव्या बांधावर जातं. घराघरातून एक कळशी पाणी उपसून बाहेर ओततात, पहिली कळशी गावात आलेल्या नव्या सुनेची, आणि मग सांडव्याची फळी काढून तळं एक वीत उतरवतात. याला आम्ही जागा काढणं म्हणतो. सांडव्यात कुणी काडी टाकत नाही. पोरांनी होडी सोडली तर कानाखाली बसते, मग ते पोर पाटलाचं असो की आमचं. आणि आमच्या चिरेखाणीत आजही आधी पाण्याला वाट खणतात, मग पहिला चिरा काढतात. बाहेरून आलेला ठेकेदार कुरकुरतो, दिवस वाया गेला म्हणतो. त्याला आम्ही इथं आणून हे तळं दाखवतो आणि पाणी पाजतो.

आता जरा गप्प बसा आणि ऐका. नाही, तो वारा नव्हे. कडेला वाकून कान द्या. पावसाळ्यात जास्त स्पष्ट येतं. कुणीतरी अखंड बोलतंय आणि कुणीतरी मधून मधून हुं म्हणतंय. पूर्वी एकच हुं यायचा म्हणे. चिमाई गेल्यापासून दोन येतात.

तांब्या रिकामा झाला का? द्या इकडं, भरून आणतो. दोन बोटं कमीच आणीन हं.